लाइन कापायची नाही

कुंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी नाही म्हटलं. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली, माइकसमोर कधीही न अडखळलेली मी, मान हलवून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. लोकांना वाटलं, जिवाभावाची मैत्रीण गेली, बाईंना बोलवत नसेल. खरं कारण तुला माहीत आहे. तू गेलीस तेव्हा आपण अकरा दिवस एकमेकींशी बोलत नव्हतो. जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्याबद्दल चारचौघांत गोड बोलायचं, म्हणजे तिला न विचारता भांडण मिटवून टाकायचं. ते तुला चाललं नसतं. म्हणून जे बोलायचं ते इथे, तुझ्याशीच बोलते.

तू मला आधी ऐकू आलीस, मग दिसलीस. घाटकोपर पूर्वेच्या बागेत मी सकाळच्या फेऱ्या मारत होते आणि बाकावर बसून एक बाई मोबाइलवर कुणाला तरी पाणी गाळायच्या मशीनवरून झापत होती. आवाज जराही चढलेला नव्हता. 'दॅट मे बी अ रीझन फॉर युअर डिले, सर. आय अ‍ॅम आस्किंग फॉर अ सोल्यूशन टु माय प्रॉब्लेम.' मी जागच्या जागी थांबले. सोल्यूशन टु. माझ्या शाळेतल्या मुलांनी, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन शिक्षकांनीसुद्धा, आयुष्यभर 'सोल्यूशन ऑफ' लिहिलं होतं. तू फोन ठेवलास आणि मी न राहवून विचारलं, तुम्ही कुठल्या कॉन्व्हेंटच्या? तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, 'हिंगोली जिल्ह्यातल्या. लिंबाच्या झाडाखाली भरायचं ते.'

तिसऱ्या दिवशी आपण अगंतुगंवर आलो. चौथ्या दिवशी तू मला तुझ्या बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात ओढलंस.

तुझं इंग्रजी कानातून आलं होतं, माझं पुस्तकातून. एका कंपनीत टेलिफोन बोर्डवर तू पंचवीस वर्षं बसलीस. पहिल्या दिवशी तुला इंग्रजीत फक्त नाव सांगता येत होतं. मग तू ऐकत गेलीस आणि शाळेच्या वहीत लिहीत गेलीस. शब्द मात्र तू कधीच सुटा लिहिला नाहीस, कारण फोनवर तो सुटा येतच नव्हता. माणसं 'रिक्वेस्ट' म्हणून थांबत नसत, 'रिक्वेस्ट फॉर' म्हणत. 'परमिशन टु' म्हणत, 'कम्प्लेंट अबाउट' म्हणत, 'इंटरेस्ट इन' म्हणत. पुढचं वाक्य काहीही असो, त्या शब्दाच्या मागोमाग कोण येणार ते ठरलेलं असायचं. तू त्या मागून येणारीला सोबतीण म्हणायचीस. 'परमिशनबाई टु-ला घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत,' असं वर्गात सांगायचीस आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसल्यावर ते त्यांच्या लक्षात राहायचं, हे मी पुढे पाहिलं. तेव्हा मात्र मला ते पोरकट वाटलं होतं.

मी पहिल्या आठवड्यात तक्ता घेऊन आले. डावीकडे ज्या नामांपुढे टु आणि क्रियापद येतं ती: चान्स, राइट, अटेम्प्ट, डिसिजन, अ‍ॅबिलिटी. उजवीकडे इन, फॉर, अबाउट घेणारी. खाली अपवाद, लाल शाईत. तू तो तक्ता कौतुकाने भिंतीला लावलास आणि तासाभराने म्हणालीस, छान आहे गं, पण यातलं कोणाला कशाला लागणार आहे ते कुठे लिहिलंय?

तुझी पद्धत त्या प्रश्नावरच उभी होती. विहाराच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बायका जमायच्या. कुणी मॉलमध्ये साफसफाईला, कुणी पार्लरमध्ये, कुणी मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या टेबलाशी. प्रत्येकीने एकच सांगायचं, या आठवड्यात कुठल्या इंग्रजी वाक्यावाचून अडलं. सुमनला लवकर घरी जायला परवानगी मागायची होती. वैशालीला मुलीच्या शाळेत उशिराचं कारण सांगायचं होतं. तू जुन्या कॅलेंडरचं पान फाडायचीस, पाठच्या कोऱ्या बाजूला जाड पेनाने तेवढाच शब्द त्याच्या सोबतिणीसकट लिहायचीस, 'परमिशन टु लीव्ह अर्ली', 'रीझन फॉर कमिंग लेट', आणि ती चिठ्ठी तिच्या हातात द्यायचीस. आठवडाभर ती फ्रिजवर, नाहीतर आरशाला. काम झालं की चिठ्ठी परत यायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची, दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून.

त्या सगळ्याजणी एकच चूक करायच्या, आणि ती का होते हे मला बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं ते तू भाजी निवडता निवडता सांगितलंस. जिथे तिथे 'ऑफ'. परमिशन ऑफ गोइंग, रीझन ऑफ लेट, राइट ऑफ स्पीक. मी म्हणायचे, अभ्यास नाही. तू म्हणालीस, 'अभ्यासाचं काय त्यात? आपल्याकडे बघ ना. जाण्याची परवानगी, उशिराचं कारण, बोलण्याचा हक्क, भेटायची संधी. एकटा चा-ची-चे सगळ्यांचं सांभाळतो. मग तिकडे गेल्यावर बाई त्याच्यासारखाच एकजण शोधणार ना, सगळ्यांना पुरणारा. तिला ऑफ सापडतो.' मी मेथीची जुडी खाली ठेवली. मी मुलांच्या वह्यांवर हजारो वेळा त्या ऑफवर काट मारली होती. तो ऑफ म्हणजे आमची मराठीच होती, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. हे तुझ्याकडून शिकले, असं मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

आणि तो फोन. बोर्ड बंद झाला तेव्हा तू कंपनीतून एक जुना डायलचा काळा फोन मागून आणला होतास. त्याची वायर कुठेही जोडलेली नव्हती, टोकाला तू लाल दोऱ्याची गाठ मारली होतीस. वर्गात तो टेबलावर असायचा. जिला बोलायचं तिने रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा आणि बोलायला लागायचं. समोर बारा जणींकडे बघून बोलायला ज्यांची जीभ वळत नसे त्या फोनमध्ये खाली मान घालून घडाघडा बोलायच्या. नियम एकच. रिसीव्हर कानाला आहे तोवर कुणी मध्ये बोलायचं नाही. चूक होऊ दे, गाडी अडू दे, दोन मिनिटं शांतता होऊ दे. लाइन कापायची नाही. तिने फोन ठेवला की तू बोर्डवरच्या त्या आवाजात म्हणायचीस, 'थँक यू फॉर कॉलिंग.' चुका त्याच्यानंतर, चिठ्ठीवर.

मला तो नियम पहिल्यापासून पटला नाही, आणि तू गेलीस म्हणून आता एकदम पटला असं खोटं सांगणार नाही. चूक तिथल्या तिथे दाखवली नाही तर अंगवळणी पडते, हे मी आजही म्हणेन. आपण यावर नऊ वर्षं भांडलो. बागेत, पुलावर, तुझ्या ओट्याशी, माझ्या सोसायटीच्या गेटवर. भांडण कधी संपलं नाही आणि आपल्याला ते संपवायचंही नव्हतं, त्याच्यावर आपला चहा चालायचा.

मग तो मंगळवार आला.

रेखा डेंटिस्टच्या दवाखान्यात मावशी म्हणून काम करते. वर्गात यायला लागल्यापासून सहा महिने ती फोनला हात लावत नव्हती. त्या दिवशी ती आपण होऊन उठली. रिसीव्हर उचलला. तिची आई गावी वारली त्याला महिना झाला होता, ते ती सांगायला लागली. दवाखान्यात सुट्टी मिळाली नाही, मिळाली तेव्हा उशीर झाला होता. एकेक शब्द ती विहिरीतून काढल्यासारखा काढत होती. 'आय डिड नॉट गेट चान्स ऑफ मीट माय मदर,' ती म्हणाली. आणि माझा हात पुढे गेला. मी रिसीव्हर टेकवतात तिथली, लाइन तोडायची ती दोन पांढरी बटणं दाबली आणि म्हटलं, 'चान्स टु मीट, रेखा. चान्स ऑफ नाही. परत म्हण.'

तिने परत म्हटलं नाही. रिसीव्हर जागेवर ठेवला, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेली. शुक्रवारी ती आली नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या दोघीही आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांच्यापैकी एकीनेही फोन उचलला नाही. डब्यात चिठ्ठ्या होत्या, भिंतीवर माझा तक्ता होता आणि वर्गात फक्त आपण दोघी बोलत होतो.

त्या शुक्रवारी खाली उतरल्यावर रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांशी तू थांबलीस. मला वाटलं रागावशील. तू इतकंच म्हणालीस, 'मधू, ती व्याकरण बोलत नव्हती गं. आईबद्दल बोलत होती.'

मी वरमायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, तू भाषा शिकवतेस की सत्संग चालवतेस? हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि तुझ्या चेहऱ्याकडे पाहूनच मला कळलं की हे परत घेता येणार नाही. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. 'लाइन तू कापलीस. तूच जोडून दे, मग बोलू,' म्हणालीस आणि पूल चढून पश्चिमेला गेलीस. मी पूर्वेलाच मागे वळले. आपलं शेवटचं बोलणं ते.

अकरा दिवसांत मी तुला एकच मेसेज लिहिला. 'तुझं बरोबर होतं.' मग वाटलं, सगळं कुठे बरोबर होतं? म्हणून 'थोडं बरोबर होतं' केलं. मग ते फारच कंजूस वाटलं म्हणून पुसलं. वाक्य बिनचूक करण्याच्या नादात ते पाठवायचं राहिलं. ही माझी जन्माची खोड. बाराव्या दिवशी सकाळी तुझ्या लेकीचा, स्नेहलचा फोन आला. तू चहा ठेवलास, ओट्याला टेकलीस आणि गेलीस, असं ती म्हणाली. गॅस बंद केला होतास. तुझ्यासारखीच गेलीस, हातातलं काम आवरून.

कार्यक्रम संपल्यावर, पांढऱ्या साड्यांतल्या बायका मेणबत्त्या आवरत असताना स्नेहलने मला बिस्किटांचा डबा दिला. म्हणाली, वर्गाचं सगळं तुमच्यावर सोपवलंय असंच आई धरून होती, भांडणात पण. 'रुसलीय ती, येईल' म्हणायची. घरी येऊन मी चिठ्ठ्या ओळीने लावल्या. सवयच ती, टु वाल्या एकीकडे, फॉर वाल्या दुसरीकडे. तळाला एक चिठ्ठी होती, कोपऱ्यात माझं नाव. मी तर कधी काही मागितलं नव्हतं. वर जाड पेनाने: पेशन्स विथ. आणि खाली बारीक अक्षरात मराठीत, 'हिला हे कसं द्यावं?'

शाई जुनी होती, कुंदा. भांडणाच्या कितीतरी आधीची. म्हणजे तू ती चिठ्ठी लिहून ठेवलीस आणि माझा अपमान होईल म्हणून दिली नाहीस. तूही वाक्य पाठवलं नव्हतंस तर. मी खूप हसले, आणि मग रडले, याच क्रमाने.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू नऊ वर्षं 'डिस्कस अबाउट' म्हणायचीस. 'लेट अस डिस्कस अबाउट दिस.' डिस्कसला सोबतीण लागतच नाही, तू डिस्कशनची आणून त्याच्या गळ्यात बांधली होतीस. माझ्या कानाला ते दर वेळी खुपायचं आणि मी एकदाही तुला टोकलं नाही. तू बोलत असताना तुझं काय चाललंय ते मला ऐकायचं असायचं, म्हणून मी ती चूक पोटात घालायचे. म्हणजे गप्प बसायला मला येत होतं. ते मी कुणासाठी करायचं आणि कुणासाठी नाही, हे मात्र ठरवलेलं होतं. रेखाला मी टोकू शकले कारण तिने उलटून काही म्हणायची भीती नव्हती. हा माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचा सगळा हिशोब नाही, पण त्यातला काही भाग यात येतो, हे मला मान्य करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी रेखाच्या दवाखान्यात गेले. ती औजारं उकळायला लावत होती. मला दाताचं काही झालंय असं समजून तिने खुर्ची पुढे केली. मी उभ्या उभ्या म्हटलं, रेखा, माझं चुकलं. तिने हात पुसले. म्हणाली, 'नाही मॅडम, चूक माझीच होती, तुम्ही बरोबर तेच सांगितलं. पण माझी आई मध्येच राहिली ना.'

मी म्हटलं, शुक्रवारी ये. राहिलेलं सांग. कोणी मध्ये बोलणार नाही. ती म्हणाली, ताई नाहीत तर फोन कोण सांभाळणार? मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस. डॉक्टरांनी आतून हाक मारली आणि ती बघते म्हणून गेली.

शुक्रवारी मी अर्धा तास आधी पोचले. टेबल पुसलं, फोन मधोमध ठेवला. माझा तक्ता मी काढणार होते, पण काढला नाही. तुलाही ते नाटकी वाटलं असतं. नुसता बाजूच्या भिंतीवर नेला आणि समोरच्या जागेवर तुझ्या चिठ्ठ्या दोऱ्यावर टांगल्या. सहा वाजता चौघी होत्या. सव्वासहाला सात. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की ती आली नाही तर विहाराच्या लोकांना चावी परत करायची. माझ्या भीतीने बायका येणार असतील तर तो तुझा वर्ग नाही. साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली. रेखा पुढे, त्या दोघी मागे, आणि आणखी एक नवीन, रेखाची जाऊ.

कुणाला काही न विचारता ती टेबलाशी गेली आणि रिसीव्हर उचलला. सुरुवातीपासून सुरुवात केली. आई, सुट्टी, गाडी, उशीर. आणि त्याच जागी आली. 'चान्स ऑफ मीट माय मदर.' मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते, शाळेत खोडकर मुलांना बसवतात तशी. या वेळी ती पुढे गेली. आईने तिच्यासाठी शेवया करून डब्यात भरून ठेवल्या होत्या, तो डबा ती घेऊन आली आणि अजून उघडलेला नाही, हे सांगितलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, चार ठिकाणी ऑफ घालून. त्या मंगळवारी मी जे ऐकू दिलं नव्हतं ते हे होतं.

तिने रिसीव्हर ठेवला नाही. तो माझ्यापुढे धरला. 'मॅडम, आता तुम्ही. ताईंना.'

मी घेतला. तो किती जड आहे हे मला माहीत नव्हतं, नऊ वर्षांत मी तो एकदाही उचलला नव्हता. मी कधी बोलणारी नव्हते ना, मी तपासणारी होते. कानाला लावला. आत काहीच नव्हतं, नुसता आपल्याच रक्ताचा येतो तसा बारीक आवाज. 'कुंदा,' मी म्हटलं, 'आय डिड नॉट गेट अ चान्स,' आणि तिथे थांबले.

पुढे जाताच येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी डोळे उघडले तेव्हा अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. सुमनचे ओठ हललेले मी पाहिले आणि तिने ते दाताखाली धरलेलेही पाहिले. पुढचा शब्द त्यांच्यातल्या प्रत्येकीला येत होता, गं. समोर दोऱ्यावर तो जाड पेनाने लिहिलेला टांगला होता. रेखाला तर तो या आयुष्यात विसरता येणार नव्हता. पण एकीनेही तो मला सांगितला नाही. सगळ्या थांबल्या. मला हवा तेवढा वेळ त्यांनी मला दिला, आणि मी माझं वाक्य माझ्या गतीने पुरं केलं. तुला सॉरी म्हणायची संधी मिळाली नाही, एवढंच होतं ते. व्याकरणाने बरोबर की चूक, मला आठवत नाही.

मग मी रिसीव्हर जागेवर ठेवला. यापुढचं नेहमी तू म्हणायचीस. आणि मग रेखा, सरळ उभी राहून, तुझ्या बोर्डवरच्या आवाजात म्हणाली, 'थँक यू फॉर कॉलिंग, मॅडम.'